बोंडल्यावरचा पत्ता

माझी नणंद लाडू करते आणि ते लाडू कुणाच्या डोळ्यांसमोर यावेत हे मी ठरवते. म्हणजे मी ठरवते असं चारचौघांत सांगते. खरं तर ठरवतं यंत्र. मी त्याच्यावर लक्ष ठेवते आणि काही बिनसलं की नणंदेची बोलणी खाते.

शुभदाताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. साताऱ्यात घराच्या मागच्या बाजूला त्यांनी मोठं स्वयंपाकघर काढलंय. तिथं बाळंतिणींसाठी अळिवाचे आणि डिंकाचे लाडू होतात. त्यांना नाव दिलंय ‘पाचवी’. हाताला चव आणि जिभेला धार, दोन्ही एकाच बाईला देताना देवानं जरा विचार करायला हवा होता. पण धंदा त्यांनी एकटीनं उभा केला, हे मात्र मान्य करायलाच हवं.

जाहिरातीच्या कामात पूर्वी एक साधा नियम होता. इंटरनेटवर काही पत्ते रिकामे असतात. कुणीतरी कधीतरी हौसेनं नाव घेतलेलं असतं, पुढं वर्षाचं भाडं भरायचं राहून जातं, आणि ते नाव भलताच कुणीतरी उचलून तसंच ठेवून देतो. आत दुकान नाही, माणूस नाही, नुसत्या जाहिरातींच्या पाट्या. वाट चुकलेला माणूस येतो, एखाद्या पाटीवर बोट ठेवतो आणि निघून जातो. त्या प्रत्येक क्लिकमागं पैसे जातात ते जाहिरात देणाऱ्याच्या खिशातून. थोडे मधल्या कंपनीला, थोडे रिकाम्या जागेच्या मालकाला. विकत घेणारा तिथं कुणी नसतोच. म्हणून नवी जाहिरात सुरू करताना पहिल्यांदा हे रिकामे पत्ते वगळायचे. जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तसं मी ते वर्षानुवर्षं करत आले होते.

मग निकडमापक आला आणि सगळंच उलटंपालटं झालं.

काचेवर बोट किती जोरात दाबलं जातं, दोन अक्षरांमध्ये किती रेंगाळतं, खोडताना थरथरतं का, फोन धरलेला हात स्थिर आहे का, हे फोनला आधीपासून कळत होतंच. कुणीतरी ही माहिती लाखो माणसांच्या पुढच्या वागण्याशी जोडून पाहिली. तेव्हा दिसलं, की एखादी गोष्ट किती हवी आहे हे माणसाच्या शब्दांपेक्षा त्याचं बोट जास्त खरं सांगतं. त्यातून शंभरापैकी एक आकडा काढतात, त्याला निकड म्हणतात. पान उघडायच्या आत त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन जातो, तो आता या आकड्यावर व्हायला लागला. निकड जितकी जास्त तितकी बोली चढी.

त्याच सुमाराला लोकांनी टाइप करणं सोडलं. प्रत्येकाच्या फोनमध्ये मदतनीस आला. त्याला तोंडानं सांगायचं, तो बिचारा दहा दुकानं फिरून येणार. त्यानं पाट्यांवर केलेल्या क्लिकला काडीची किंमत नाही, कारण त्याला ना भूक ना घाई. उरला कोण? एकेक अक्षर हातानं दाबून पत्ता टाकणारा माणूस. तो विरळा, आणि तो उगाच येत नाही. त्यातून पत्ता रिकामा निघाला तर त्याची निकड आणखी चढते, कारण हवं ते मिळालेलं नसतं. पाहता पाहता रिकाम्या पत्त्यांवरच्या जागा भरल्या दुकानांपेक्षा महाग झाल्या.

ताईंनी हे कुठूनतरी ऐकलं.

“मैथिली, ते रिकामे पत्ते तू वगळतेस म्हणे?”

“हो. तिथं कुणी विकत घेत नाही, ताई.”

“तू उकळत्या दुधाशेजारी उभी राहून साय मोजतेस का? सोड की जरा यंत्राला मोकळं. बघू तरी काय करतंय.”

मी सोडलं. पंधरवड्यात अळीव संपला. ताईंनी दोन बायका वाढवल्या, तरी डबे पुरेनात. औद्योगिक वसाहतीतला एक गाळा त्यांनी मागेच बघून ठेवला होता, त्याच्या मालकाला त्यांनी ‘पाडव्याला घेते’ असं कळवूनही टाकलं. आणि मला जेवायला बोलावून पुरणपोळी वाढली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ताईंनी माझ्या कामाचं कौतुक केल्याचं मला तरी आठवत नव्हतं. पोळी घशाखाली उतरताना मला खरंच भरून आलं.

मागण्या येतात कुठून म्हणून मी बघायला बसले. निम्म्याहून जास्त एकाच पत्त्यावरून येत होत्या. ‘दूधसखी’ नावाचा रिकामा पत्ता. तिथं येणाऱ्यांची निकड नव्वदीच्या पुढं. एवढी निकड मी याआधी रक्त शोधणाऱ्यांचीच पाहिली होती. लाडवासाठी एवढा जीव कुणाचा कासावीस होतो? आमचे लाडू चांगले असतात, पण इतकेही नाहीत.

मी पान उघडलं. पांढरं पान, वर आमचा लाडू, खाली कसल्याशा काढ्याची पाटी, त्याखाली एक ज्योतिषी. बाकी काही नाही.

“आकडा चढाच आहे ना?” ताई म्हणाल्या. “मग कशाला नाक खुपसतेस? लक्ष्मी आली तर तिला गाव विचारू नये.”

मीही मग विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात डब्यावरच्या नंबरावर एक फोन आला आणि तो मी उचलला.

“पाचवीवालं का? मी वडूजहून प्रणोती जगदाळे बोलतीय. लाडू मिळालं ताई. चांगलं हायती. पर दूध कवा येनार?”

मला वाटलं, लाडवांनी दूध कधी वाढेल असं ती विचारतेय. मी नेहमीचं सुरू केलं. “रोज सकाळी एक, कोमट दुधाबरोबर...”

“तसं न्हाई वो. बाळासाठी दूध. त्या पत्त्यावर दुसऱ्या आयांचं दूध मिळतं न्हवं? मी पत्ता टाकला, तर तुमचं लाडू आलं. मला वाटलं, लाडवाच्या मागनं दूध येत आसंल. रोज वाट बघतीय.”

मी तिला सगळं विचारून घेतलं. मूल आठव्या महिन्यात झालेलं. तालुक्याच्या दवाखान्यातून घरी आणलं आणि हिला ताप आला. अंगावर दूध उतरेना. बाळ वजन धरत नव्हतं, आणि डॉक्टर सांगत होते की जमेल तितकं आईचंच दूध द्या.

“पण हा पत्ता तुम्हाला दिला कुणी?”

“दिला न्हाई. बाळाला पाजायच्या बोंडल्यावर हाय. आतेसासूबाईंचं बोंडलं. त्या म्हनल्या, ज्यांचं बोंडलं त्यांच्याकडनं दूधबी मिळतं.”

“मदतनिसाला विचारायचं ना?”

ती आवाज उतरवून म्हणाली, “सोप्यात मामंजी बसल्याती, दीर हायती. मला दूध येत न्हाई, हे त्या यंत्राला मोठ्यानं कसं सांगू? गुपचूप हातानं टाकला पत्ता.”

नव्वदीच्या वरची ती निकड म्हणजे ही पोरगी होती, आणि तिच्या हातात आम्ही लाडू ठेवून मोकळे झालो होतो.

सुदैवानं साताऱ्यातल्या दवाखान्यात आता दूधपेढी आहे. ज्या आयांना दूध जास्त होतं त्यांचं दूध तिथं तपासून, निर्जंतुक करून, गोठवून ठेवतात आणि थंड पेटीतून तालुक्यापर्यंत पोचवतात. तिथल्या सिस्टरनी प्रणोतीच्या डॉक्टरांशी परस्पर बोलून घेतलं आणि दुपारच्या गाडीनं पेटी गेली. संध्याकाळी प्रणोतीनं फोटो पाठवला. एवढंसं तोंड आणि त्याला लावलेलं बोंडलं.

मी तो फोटो घेऊन ताईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या लाडू वळत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही, पण लाडू वेडेवाकडे व्हायला लागले. मग त्यांनी हात धुतले, फळीवरचा डबा काढला आणि त्यातून आपल्या मुलीचं, ईराचं, बोंडलं बाहेर काढलं. चोच असलेली स्टीलची इवलीशी वाटी. पालथी केली, तर बुडावर तोच पत्ता ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला.

“नलवडे सिस्टर,” ताई म्हणाल्या. “तेव्हा दूधपेढी कुठली? सिस्टरच घरोघर विचारायच्या, तुला दूध जास्त येतंय का, हिच्या बाळाला देशील का. गावोगावच्या बायका जोडल्या होत्या त्यांनी. आणि दर संक्रांतीला हळदीकुंकवाला बोंडली लुटायच्या. त्यांच्या लेकीनं इंटरनेटवर ‘दूधसखी’ उघडून दिलं होतं. ती म्हणाली, आई, त्यावर आपला पत्ता घालून घे. भांडीवाल्याकडं नावं घालतात तसा घालून घेतला.”

पुढचं मला कळलंच. सिस्टर गेल्या, लेक परदेशी, पत्त्याचं भाडं कुणी भरायचं? स्टीलवर घातलेलं नाव तीन पिढ्या पुसत नाही, आणि पत्ता असतो वर्षाच्या बोलीचा. या दोघांची गाठ मारायची म्हणजे आपल्याकडच्याच बायका पाहिजेत. आणि बोंडलं काही एका घरात बसून राहत नाही. तान्ह्याला पहिल्यांदा नवं काही घालू नये म्हणतात. ज्या घरातली मुलं धडधाकट वाढली तिथलं जुनं झबलं आणायचं, टोपडं आणायचं, बोंडलंही तिथलंच. सिस्टरांची बोंडली अजून जिल्हाभर फिरत होती. ज्या घरी जायची तिथं तान्हं बाळ असायचंच.

“मी तो पत्ता वगळते,” मी म्हणाले. “आजच.”

“मग तिथं काय दिसेल?”

“दुसऱ्या कुणाची जाहिरात.”

“म्हणजे तो काढेवाला वर सरकणार. आणि त्या पोरींना दूध मिळणार का?”

पत्ताच विकत घ्यावा म्हणून मी चौकशी केली. मालक कुणी माणूस नव्हताच. असे हजारो पत्ते सांभाळणारं एक यंत्र होतं आणि ते निकड बघून किंमत सांगायचं. त्या किमतीत ताईंचे दोन गाळे आले असते.

मग मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. पत्ता आपला नसला तरी त्यावरची पाटी आपली होती. मी लाडू काढला आणि त्या जागी लिहिलं, ‘बाळासाठी आईचं दूध हवंय? दूधपेढीला फोन करा’. खाली नंबर. वाचायचं आणि फोन लावायचा. क्लिक करायची गरजच नाही, आणि क्लिक नाही तर पैसेही नाहीत. ताईंना तर हे फारच आवडलं. “फुकटात पुण्य,” त्या म्हणाल्या, “आणि तेही तुझ्या हातून.”

दूधपेढीतले फोन वाढले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, दहिवडी, म्हसवड, कुठून कुठून बायका विचारताहेत. आठवडा झाला असेल नसेल, आमची पाटी दिसेनाशी झाली. यंत्राचा निरोप आला होता, ‘परिणामकारकता शून्य’. शेकडो जणींनी पाहिली, एकीनंही क्लिक केलं नाही, म्हणजे ही जाहिरात निकामी. माझ्या उभ्या आयुष्यात ज्या पाटीनं सगळ्यांत जास्त काम केलं, ती नापास झाली. तिच्या जागी काढेवाला येऊन बसला होता.

मला राग आला, पण यंत्रावर रागावून करणार काय? ते त्याला शिकवलेलंच करत होतं. तसं पगारासाठी मीही तेच शिकले होते.

“टिकायचं तर क्लिक व्हायला हवं,” मी ताईंना सांगितलं. “पाटीवर बोट ठेवलं की फोन सरळ दूधपेढीत लागेल असं करता येतं. पण मग प्रत्येक बोटाचे पैसे. आणि तिथली निकड माहीत आहे तुम्हाला. एका क्लिकला लाडवाचा अख्खा डबा जाईल. लाडू विकले न जाता.”

“आणि अशा किती येतील?”

“येतील तेवढ्या. आपण दार उघडं ठेवायचं म्हटलं की आत कोण किती येतं ते आपल्या हातात नाही.”

“धंदा आहे माझा, अन्नछत्र नाही,” ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी घरी आले. मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. वीस वर्षं चुलीशी उभं राहून त्या गाळ्यापर्यंत पोचल्या होत्या. दुसऱ्याच्या कढईतलं दान करायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आमच्याकडं आल्या. हातात पिशवी, पिशवीत बोंडलं. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “तू जरा बाहेर चक्कर मारून ये,” आणि तो गेलाही. तो त्यांना लहानपणापासून ओळखतो.

“ईरा झाली तेव्हा मला चार दिवस शुद्ध नव्हती,” त्या म्हणाल्या. “हे बोंडलं सिस्टरांनी आणलं ते भरून आणलं होतं. पुढंही कितीतरी दिवस भरून येत राहिलं. कुणाचं दूध होतं ते मला अजून माहीत नाही. मी विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, तुला कशाला, तिनं नाही विचारलं कुणाला जातंय ते.” त्यांनी बोंडलं टेबलावर ठेवलं. “शेजारणीची वाटी आपण रिकामी परत देतो का? साखरेचे चार दाणे तरी घालतो. हे इतकी वर्षं माझ्या फळीवर रिकामं पडलंय. संक्रांत आलीच आहे. यंदाचं माझं वाण म्हणजे तुझं ते क्लिक. लाव पाटी.”

“आणि गाळा?”

“गाळ्याला काय पाय फुटलेत? तो नाही तर दुसरा. आणि हे बघ, वाण दिलं की मोजायचं नसतं. दर आठवड्याला मला आकडे सांगायला येऊ नकोस.”

मी पाटी लावली. गाळा एका खाकरेवाल्यानं घेतला. त्या रस्त्यानं जायची वेळ आली की ताई रिक्षा दुसरीकडून घ्यायला लावत. बोलल्या कधी नाहीत, पण तोंड कडू झालेलं मला दिसायचं. वाढवलेल्या बायकांपैकी एकीला त्यांना नाही म्हणावं लागलं, त्या दिवशी त्या माझ्याशी धड बोलल्याही नाहीत. एवढं सगळं होऊनही पाटी काढ असं त्या म्हणाल्या नाहीत. दूधपेढीतला फोन मात्र वाजत राहिला.

मग शिमग्याच्या आसपास एक गंमत दिसायला लागली. ‘दूधसखी’वर येणाऱ्या बायका कमी झाल्या नव्हत्या, पण त्यांची निकड उतरत होती. नव्वदची सत्तर झाली, सत्तरची चाळीस. आधी मला वाटलं, मापक बिघडला. मग लक्षात आलं. आता बोंडलं देणारी बाई देतानाच सांगत होती, पत्ता टाक, बोट ठेव, फोन लागतो, दूध येतं. त्यामुळं पत्ता टाकणाऱ्या पोरीचं बोट आता रेंगाळत नव्हतं, थरथरत नव्हतं. गरज तेवढीच होती. यंत्र गरज मोजतच नव्हतं, ते मोजत होतं धास्ती. आणि दूध मिळणार याची खात्री असली की धास्ती उरत नाही.

निकड उतरली तशी क्लिकची किंमत उतरली. काढेवाला निघून गेला, ज्योतिषीही गेला, त्याला आधी कळलं असेल तर माहीत नाही. पत्ता सांभाळणाऱ्या यंत्राच्या हिशेबात आता त्या जागेत काही दम उरला नव्हता. पाडव्याच्या सुमाराला वर्षाचं भाडं भरायची वेळ आली, तेव्हा त्यानं ते भरलंच नाही. पत्ता मोकळा झाला आणि मी टपूनच बसले होते.

“केवढ्याला पडला?” ताईंनी विचारलं. मोजायचं नसतं म्हणणाऱ्या बाईला राहवलं नाही.

“तुमच्या दोन डब्यांना.”

त्या हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. “सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, दोन डबे तरी कशाला?”

मी साधं पान केलं. वर सिस्टरांचं नाव, खाली एकच बटण, ‘दूध हवंय’. जाहिरात एकही नाही, आमच्या लाडवाचीसुद्धा नाही. सवयीनं मागं निकडमापक मात्र चालू ठेवला.

पहिल्याच दिवशी कुणीतरी आलं. निकड चार. एवढा खालचा आकडा मी कधी पाहिलाच नव्हता. हातानं सावकाश, नीट टाकलेला पत्ता. पानावर बराच वेळ थांबलं, बटणाला हात न लावता निघून गेलं. चुकून आलं असेल कुणी, म्हणून मी सोडून दिलं.

थोड्या वेळानं ताईंचा, डब्यावरच्या नंबराचा फोन वाजला. ताईंचे हात पाकात होते, म्हणून मी घेतला.

“ताई, प्रणोती बोलतीय, वडूजहून. वळखलं का? बाळ आता मांडीवर मावंना झालंय.” मागून त्याचं हुंकारणं ऐकू येत होतं. “मगाशी त्या पत्त्यावर जाऊन आले. तुमी नवीन क्येलंय जनू. पर तिथं दूध पाहिजे आसंल तरच दाबायचं हाय. मला आता लई येतंय, बाळाचं पोट भरून उरतंय. द्यायचं आसंल तर कुठं दाबायचं?”

ताईंनी खुणेनं विचारलं, काय झालं? मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि प्रणोतीला पुन्हा सांगायला लावलं.

यंत्रानं बरोबर मोजलं होतं. तिला काही नकोच होतं. चुकलं होतं माझं. इतकी वर्षं पाट्या लावून मलाही वाटायला लागलं होतं की येणारा प्रत्येक माणूस काहीतरी घ्यायलाच येतो, म्हणून मी बटण एकच ठेवलं होतं.

“धर गं फोन जरा,” ताई प्रणोतीला म्हणाल्या, आणि पाकाचा हात तसाच माझ्याकडं करून, “बसलीस काय अशी? कर की दुसरं बटण.”